जपानी बीफ करी: कुकर फक्त मांसासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जपानमध्ये राहायला आल्यावर भारतातून आणलेल्या पाच लिटरच्या कुकरमध्ये बीफ, कांदे, बटाटे, गाजर, पाणी आणि करीच्या रूच्या (पीठ, चरबी आणि मसाल्याच्या तयार) वड्या असं सगळं एकत्र घालून सहा शिट्ट्या केल्या. मांस वातड राहिलं, बटाटे विरघळून गेले, तळाशी करपलं. पुढच्या वेळी रू शिट्ट्यांनंतर घातला, तर रस्सा पातळ झाला. नेमकं कुठे चुकतंय?

मी ओसाकात एका छोट्या खाणावळीच्या स्वयंपाकघरात काम करते आणि तिथे रोज बीफ करी होते. घरीही मी ती कुकरमध्येच करते. तुमच्या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे. आपल्याकडे कुकर म्हटलं की सगळं एकदम आत घालायचं आणि शिट्ट्या मोजायच्या. डाळ-भाताला ते चालतं. या करीत कुकरकडे एकच काम आहे, मांस मऊ करणं. ते झालं की झाकण बाजूला ठेवायचं, आणि करी तिथून पुढे, उघड्या भांड्यात करायची.

रू कुकरमध्ये का चालत नाही, ते आधी समजून घ्या. आपला रस्सा वाटणाने दाट होतो, म्हणजे कांदा, खोबरं, खसखस यांनी. जपानी करी गव्हाच्या पिठाने दाट होते. ती इथे भारतातून थेट आली नाही, मेइजी काळात ब्रिटिशांच्या हातून आली. १८७२ साली छापलेल्या जपानी पाककृतींच्या पुस्तकांत करी सापडते. १९०८ च्या नौदलाच्या स्वयंपाकाच्या पुस्तकातल्या करीत मांस, कांदा, गाजर, बटाटा आणि पीठ आहे, म्हणजे आज घरोघरी होते तीच बांधणी. १९२७ मध्ये टोकियोच्या शिंजुकुमधल्या नाकामुराया या दुकानात क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे भारतीय वळणाची करी मिळू लागली, पण घरांमध्ये रुजली ती पिठाचीच. पुढे पीठ, चरबी, मसाला, मीठ आणि साखर एकत्र करून त्याच्या वड्या पाडल्या गेल्या. १९६३ साली व्हरमाँट करी आणि १९६६ साली गोल्डन करी आली आणि ते दोन्ही डबे आजही प्रत्येक सुपरमार्केटात आहेत.

तर रूमध्ये पीठ आहे, हे लक्षात ठेवा. पीठ घातलेला दाट रस बंद कुकरमध्ये नीट फिरत नाही. जड झालेला भाग तळाशी बसतो, तिथे उष्णता साठते आणि तो करपतो. त्याहून वाईट म्हणजे दाट रस फसफसून वर येतो आणि वाफेच्या वाटेत अडकतो. शिट्टीची नळी तुंबणं ही साधी बाब नाही. म्हणूनच इथल्या कुकरच्या माहितीपुस्तिकांत रू प्रेशर उतरल्यावरच घाला, असं बजावलेलं असतं. विजेवर चालणाऱ्या कुकरमध्ये तर तळ तापल्याची सूचना देऊन यंत्र बंदच पडतं.

आता मांस. तुम्ही कुठला तुकडा आणला ते लिहिलं नाहीत, आणि निम्मं उत्तर त्यातच आहे. दुकानात 'करी आणि स्ट्यूसाठी' म्हणून चौकोनी तुकड्यांची पाकिटं मिळतात. त्यात बहुतेक वेळा मांडीचं किंवा खांद्याचं मांस असतं, आणि पुष्कळदा दोन्हींची सरमिसळ. कुकरसाठी मी शोधते ती पोटरी, जपानीत 'सुने'. दिसायला ती ओबडधोबड असते, पांढऱ्या शिरा आणि पडदे भरपूर, आणि किंमत कमी. हे पांढरं जाळं कोलॅजेनचं असतं. उघड्या पातेल्यात ते विरघळायला दोन तास किंवा जास्त लागतात. कुकरच्या आत तापमान १२० अंश सेल्सियसच्या आसपास जातं आणि तेच काम अर्ध्या तासात होतं. विरघळलेलं कोलॅजेन म्हणजे जिलेटिन, आणि करीच्या रसाला जो ओठांना चिकटणारा गुळगुळीतपणा येतो तो त्यातूनच. कुकर वापरण्याचं खरं कारण हे आहे. वेळ वाचतो हा दुय्यम फायदा.

मांडीचं मांस, 'मोमो', याच्या उलट. त्यात चरबी कमी आणि कोलॅजेनही कमी, म्हणून कुकरमध्ये ते मऊ न होता कोरडं पडतं आणि दोऱ्यासारखे तंतू सुटतात. खांद्याचं 'काता' आणि पोटाकडचं चरबीचं 'बारा' हे दोन्ही मधले. मला काता जास्त आवडतं, बारा वापरलं तर तेलाचा तवंग फार येतो. पातळ कापांचं मांस आणलं असेल तर कुकर काढूच नका, ते परतून वीस मिनिटं रटरटलं की पुरे.

वातड मांसाबद्दल एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण लोक इथे उलटा उपाय करतात. मांस बिघडण्याचे प्रकार दोन आणि त्यांची औषधं वेगवेगळी. तुकडा चमच्याने दाबला की रबरासारखा उसळी घेतो, तुटत नाही, तर तो कमी शिजलाय. पडदे अजून विरघळलेले नाहीत, झाकण लावून आणखी दहा मिनिटं द्या. तुकडा सहज सुटतोय पण तोंडात भुसा लागतोय, घास गिळताना पाणी प्यावंसं वाटतंय, तर तो जास्त शिजला किंवा मुळात मांडीचाच होता. त्याला आणखी शिजवणं म्हणजे आणखी बिघडवणं. तो बारीक तोडून रस्स्यात मुरू द्या, तेवढंच करता येतं. तुमच्या वर्णनावरून मला पहिला प्रकार वाटतो. सहा शिट्ट्या म्हणजे मोठ्या आचेवर दहा-बारा मिनिटंच होतात, पोटरीला ती अजिबात पुरत नाहीत.

म्हणून शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. पहिली शिट्टी झाली की आच कमी करा, इतकी की कुकर सुसू करत राहील, आणि तिथून घड्याळ लावा. मधे एखादी शिट्टी झाली तर होऊ द्या. चार सेंटिमीटरच्या तुकड्यांना पोटरी असेल तर ३० मिनिटं, 'काता' किंवा 'बारा' मांस असेल तर २० मिनिटं. मोमोच हाताशी असेल तर १५ वर थांबा. जपानी कुकर शिट्टी देत नाहीत, त्यांत खूण म्हणून पिन वर येते किंवा वजन डुलू लागतं. तिथून मोजा, आणि दाबाच्या दोन पातळ्या असतील तर वरची लावा. विजेच्या कुकरमध्ये दाब थोडा कमी असतो, त्यात वेळ पाव पटीने वाढवा. आणखी एक, तुमचा कुकर साधा अॅल्युमिनियमचा असेल तर इथल्या नेहमीच्या आयएच (इंडक्शन) शेगडीवर तो तापणार नाही. गॅस तरी हवा, नाहीतर इंडक्शनचा तळ असलेला कुकर.

वेळ झाली की आच बंद करा आणि कुकर आपोआप पडू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडू नका, कुकर नळाखाली धरू नका. दाब एकदम उतरला की तुकड्याच्या आतलं पाणी उकळून बाहेर पडतं, आणि अर्धा तास खपून मऊ केलेलं मांस शेवटच्या मिनिटात कोरडं पडतं. या करीत जेवढ्या चुका होतात, त्यांतली सगळ्यात जास्त नुकसान करणारी ही, आणि ती टाळायला काहीच करावं लागत नाही, फक्त पंधरा मिनिटं हात लावायचा नाही.

आता मी घरी करते ते प्रमाण देते, पाच-सहा जणांसाठी. पोटरीचं मांस ५०० ग्रॅम, मोठे कांदे दोन, गाजर एक, बटाटे दोन, लसणाची एक पाकळी, पेरभर आलं, रेड वाइन असेल तर १०० मिली, तमालपत्र, पाणी ५०० मिली, आणि रू १०० ग्रॅम, म्हणजे नेहमीचा साधारण अर्धा डबा. इथे करीसाठी जे तमालपत्र मिळतं ते लॉरेलचं, आपल्या तमालपत्रापेक्षा वेगळ्या वासाचं. तेच वापरा.

मांसाचे चार सेंटिमीटरचे तुकडे करा. लहान कापायचा मोह होतो, पण शिजून ते बरेच आक्रसतात. वरून थोडंसं मीठ आणि मिरपूड लावा, जास्त नको, रूमध्ये मीठ भरपूर असतं. तुकडे कोरडे टिपून घ्या आणि कढईत किंवा फ्रायिंग पॅनमध्ये, एकाला एक लागणार नाहीत असे, मोठ्या आचेवर सगळ्या बाजूंनी गडद तपकिरी परता. गर्दी केली की पाणी सुटतं आणि मांस करडं पडतं. कुकरच्या ओल्या वाफेत हा रंग कधीच येत नाही आणि त्याच्यासोबत येणारी भाजकी चवही नाही, म्हणून हे आधीच करायचं. कुकरच्या पातळ तळात परतू नका, तिथे चिकटलेला मसाला नंतर करपतो. वेगळं पॅन घ्या. काही जण मांसाला पीठ लावून परततात. कुकरसाठी ते नको, तेच पीठ तळाला जाऊन बसतं.

मांस बाजूला काढून त्याच पॅनमध्ये एक कांदा पातळ चिरून घाला आणि मध्यम आचेवर परता. बिर्याणीसारखा कुरकुरीत नको, मऊ आणि गडद सोनेरी हवा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ही मिनिटं वाचवू नका. कुकरमध्ये कांदा शिजतो, पण त्याचा गोडवा खोल होत नाही. शेवटी किसलेलं आलं-लसूण टाका. मग वाइन ओतून पॅनच्या तळाला चिकटलेलं सगळं खरवडून काढा आणि वाइनचा उग्र वास जाईपर्यंत उकळू द्या. हे झाकण लावण्याआधीच करायचं, बंद कुकरमधून मद्याचा वास नीट जात नाही आणि रस्स्यात राहतो.

सगळं कुकरमध्ये घाला, पाणी ओता आणि झाकण न लावता उकळी आणा. वर करडा फेस येईल, तो डावाने काढत राहा, तीन-चार मिनिटं. जपानी स्वयंपाकात हा फेस काढण्याला फार महत्त्व देतात, रस स्वच्छ चवीचा राहावा म्हणून. कुकरमध्ये त्याला आणखी एक कारण आहे: फेस वाफेच्या वाटेत जातो. मग तमालपत्र घाला, कुकर दोन तृतीयांशपेक्षा जास्त भरलेला नाही हे बघा आणि झाकण लावा.

बटाटे, गाजर आणि दुसरा कांदा अजून ओट्यावरच आहेत. अर्ध्या तासाच्या प्रेशरमध्ये बटाटा उरतच नाही, तुमचे तिथेच गेले. कुकर पडला, झाकण उघडलं की आधी वर आलेली चरबी डावाने काढून घ्या. सगळी नाही, थोडी चवीला राहू द्या, पण रूमध्येही चरबी भरपूर आहे हे विसरू नका. मग गाजराच्या आणि बटाट्याच्या मोठ्या फोडी आणि जाड चिरलेला कांदा घाला, आणि झाकण न लावता मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजवा. बटाटा 'मे क्वीन' जातीचा घ्या, लांबट आणि गुळगुळीत सालीचा, त्याच्या कडा शाबूत राहतात. गोल, खोलगट डोळ्यांचा 'दान्शाकु' चवीला छान, पण तो फुटतो.

आता पातळ रस्स्याचं कोडं. डब्यावर पाण्याचं जे माप असतं ते उघड्या पातेल्यासाठी असतं, वीसेक मिनिटांत किती वाफ उडेल हे धरून. कुकरमध्ये वाफ जवळजवळ उडतच नाही, उलट मांस आणि कांदे स्वतःचं पाणी सोडतात. डब्याप्रमाणे पाणी घातलं की रस्सा पातळ होणारच. म्हणून मी कमी पाण्याने सुरू करते आणि रू घालण्याआधी रस चक्क मोजते. गाळणीने मापाच्या भांड्यात ओतायचा. १०० ग्रॅम रूला ६०० ते ६५० मिली रस हवा. जास्त असेल तर आटवा, कमी असेल तर गरम पाणी घाला. एवढं केलंत की डबा कुठल्याही कंपनीचा असो, दाटपणा चुकणार नाही.

मग आच बंद करा. उकळी पूर्ण बसू द्या, दोन-तीन मिनिटं थांबा, आणि रूच्या वड्या चाकूने बारीक चिरून घाला. पिठलं करताना उकळत्या पाण्यात बेसन टाकलं की गुठळ्या होतात, इथेही तेच होतं: वडीच्या बाहेरचं पीठ एकदम फुगतं आणि आतलं कोरडं अडकून राहतं. उकळी बसल्यावर घातलं की रू अलगद विरघळतो. पूर्ण विरघळला की पुन्हा मंद आच लावा आणि तळ खरवडत दहा मिनिटं शिजवा. ही दहा मिनिटं कुणी-कुणी सोडून देतात आणि मग पातळ म्हणून आणखी रू घालतात. पिठाला दाट व्हायला पुन्हा चांगली उष्णता लागते, नुसतं विरघळून भागत नाही. करी गरम असताना सरसरीत दिसली पाहिजे, ताटात निवली की ती आळते.

दाट झालेली करी नंतर अचानक पातळ होते, याची दोन कारणं आहेत. एक, मध. करीत मध घालायची इथे बऱ्याच घरांत पद्धत आहे. पण मधात स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं आणि शेवटी घातलेला मध दाटपणा मोडतो. घालायचाच तर भाज्यांबरोबर घाला आणि वीस मिनिटं उकळू द्या, म्हणजे ते एन्झाइम निकामी होतं. दुसरं, चाखलेला चमचा परत भांड्यात घालणं. लाळेतही तसंच एन्झाइम असतं. चाखायला छोटी वाटी ठेवा.

चव वाढवण्यासाठी जपानी घरांत लपवून घालायच्या चिजा खूप आहेत: अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी, डार्क चॉकलेटचा एक तुकडा, चमचाभर सोया सॉस, वुस्टर सॉस, केचप. यातलं एकच निवडा. बीफसाठी माझा कौल सोया सॉसला आहे, तो मांसाची चव पुढे आणतो आणि स्वतः मागे राहतो. आपला गरम मसाला घालायचा मोह आवरा. लवंग-वेलचीचा वास वर आला की ती धड ही करी राहत नाही, धड आपली होत नाही. मसाला कमी वाटला तर शेवटी अर्धा चमचा जपानी करी पावडर भुरभुरवा, तेवढ्याने सुगंध परत येतो. तिखट हवं असेल तर मुळात तिखट रू घ्या, डब्यावर गोड, मध्यम, तिखट असं लिहिलेलं असतं. मी स्वतः मध्यम आणि तिखट असे दोन वेगळे रू निम्मे-निम्मे घेते, चवीला खोली येते.

सोबतीला भात जपानी जातीचाच, नेहमीपेक्षा किंचित कमी पाण्यात शिजवलेला, म्हणजे रस्स्यात गिचका होत नाही. फुकुजिनझुके हे भाज्यांचं गोडसर लोणचं किंवा राक्क्यो या छोट्या कांद्यांचं लोणचं शेजारी ठेवा.

बीफबद्दल थोडं. ओसाका आणि एकूण पश्चिम जपानात घरची करी बहुधा बीफचीच असते, टोकियोच्या बाजूला डुकराच्या मांसाची जास्त. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांचं मांस कायद्याने बंद आहे, तेव्हा तिथे करून बघणाऱ्यांनी बोकडाच्या मांडीऐवजी पायाचं किंवा मानेचं मटण घ्यावं आणि २० मिनिटं द्यावीत. बाकी सगळं असंच. जे बीफ किंवा डुक्कर खात नाहीत त्यांच्यासाठी एक सूचना: अनेक रूंमध्ये त्यांची चरबी असते. डब्यामागची घटकांची यादी वाचल्याशिवाय घेऊ नका.

उरलेल्या करीबद्दल मी आग्रहाने सांगते. दुसऱ्या दिवशीची करी जास्त चांगली लागते हे खरं, पण ती रात्रभर भांड्यात, ओट्यावर ठेवायची नाही. दाट करी हळू निवते, तिच्या तळाशी हवा नसते, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूला नेमकं हेच हवं असतं. त्याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, आणि करी चाळीस-पंचेचाळीस अंशांवर रेंगाळली की ते झपाट्याने वाढतात. जपानमध्ये करी आणि स्ट्यूमधून होणाऱ्या विषबाधेचं हे ओळखीचं कारण आहे. कुकर १२० अंशांवर गेला होता म्हणून आपण सुरक्षित, असं समजू नका. भाज्या आणि रू त्यानंतर उघड्यावर पडले आहेत. उथळ डब्यांत काढा, डबे थंड पाण्यात ठेवून निववा आणि फ्रिजमध्ये टाका. खाताना ढवळत ढवळत पूर्ण उकळी आणा. फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर बटाटे काढून ठेवा, गोठल्यावर ते स्पंजसारखे होतात.

पाहुणे येणार असतील तर काम दोन दिवसांत वाटा. आदल्या संध्याकाळी फक्त मांस करा: परता, फेस काढा, कुकर लावा, पडू द्या, आणि मांस रसासकट डब्यात काढून, लगेच निववून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी चरबीचा पांढरा थर वर गोठलेला असेल, तो चमच्याने उचलला की निघून येतो. खालचा रस जेलीसारखा थरथरत असेल तर पोटरी चांगली होती आणि वेळ बरोबर लागला. नसेल, तर झाकण लावून आणखी दहा मिनिटं द्यायला अजून वेळ आहे. भाज्या आणि रू पाहुणे यायच्या तासभर आधी घाला.